खोकला पाड्यावर, यंत्र तालुक्याला

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या एखाद्या पाड्यावर कुणाचा खोकला दोन आठवडे हटला नाही, संध्याकाळची कणकण येऊ लागली, वजन उतरू लागलं, तर टीबीची तपासणी करून घ्यावी, असं आरोग्य खात्याचा फलक सांगतो. सल्ला योग्यच आहे. पण तो पाळायचा म्हणजे डोंगर उतरायचा, जीप गाठायची, थुंकीचा नमुना द्यायचा, एक्स-रेसाठी आणखी पुढच्या गावाला जायचं आणि अहवालासाठी परत एक खेप घालायची. दर खेपेला एक रोज बुडतो. मग माणूस दुसऱ्या खेपेला येतच नाही. आजार घरातच राहतो आणि घरातल्या इतरांपर्यंत पोहोचतो.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात दिसलं, की टीबीची लक्षणं असलेल्या दर शंभर जणांपैकी सुमारे ६४ जणांनी उपचारासाठी कुठलाच दवाखाना गाठला नव्हता. त्यातल्या बहुतेकांनी दुखणं अंगावर काढलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि साडेबारा लाख लोक त्याने दगावले. नव्या रुग्णांपैकी २६ टक्के भारतातले होते. औषधाने बरा होणारा हा आजार आहे, आणि तरीही ही संख्या आहे.

वैद्यकीय तंत्रज्ञानाचं भविष्य म्हटलं, की शस्त्रक्रिया करणारे रोबो आणि मनगटावरची हुशार घड्याळं डोळ्यांपुढे येतात. त्यांचं महत्त्व मी कमी लेखत नाही. पण आपल्याकडे ज्या उपकरणांनी सर्वाधिक जीव वाचू शकतील, ती पाडा आणि प्रयोगशाळा यांच्यातलं अंतर मिटवणारी उपकरणं आहेत, असं मला ठामपणे वाटतं. त्यातलं एक गोव्याच्या कंपनीचं आहे आणि दुसऱ्याच्या मागची बुद्धी मुंबईत घडली आहे.

सूक्ष्मदर्शकाची शंभर वर्षं

छातीच्या आजाराचं निदान आधी कानाने होई. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून एका स्त्री रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. फुप्फुसातले आवाज आणि शवविच्छेदनात दिसणाऱ्या खुणा यांची सांगड लेनेक यांनीच घातली. पुढे दहा वर्षांनी, १८२६ साली, ते स्वतः क्षयानेच गेले.

आजाराचं कारण कळायला १८८२ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी २४ मार्चला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा हा शोध ताजा होता. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं २१. वैद्यकाला शत्रूचा चेहरा माहीत झाला होता, पण हातात शस्त्र नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन मिळायला १९४३ पर्यंत थांबावं लागलं.

कॉख यांच्या काळात जी तपासणी घडली, तिच्यावरच पुढे शंभराहून अधिक वर्षं गरीब देशांचा कारभार चालला. रुग्णाचा बेडका काचपट्टीवर पसरायचा, त्यावर कार्बोल फुक्सिन हा लालसर रंग ओतून खालून उष्णता द्यायची, मग आम्लाने धुवायचं आणि शेवटी मिथिलिन ब्लू लावायचं. टीबीच्या जंतूवर मेणासारखं जाड आवरण असतं. ते एकदा धरलेला लाल रंग आम्लातही सोडत नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. तपासणी स्वस्त आहे, पण तिची नजर अधू आहे. एका मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असले, तरच त्यातला एखादा काचपट्टीवर सापडतो. म्हणजे आजार बराच बळावल्यावर.

जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिले, तर फार कमी जंतूही पकडता येतात. पण टीबीचा जंतू विलक्षण संथ आहे. आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. साहजिकच अहवाल यायला काही आठवडे जातात. लवकर उत्तर देणारी तपासणी अधू आणि डोळस तपासणी संथ, या कोंडीत क्षयाचं निदान एक शतक अडकून पडलं.

चिपवरची प्रयोगशाळा

कोंडी फुटली ती जंतूच्या डीएनएमुळे. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली सुचवलेली पीसीआर ही पद्धत डीएनएच्या नेमक्या तुकड्याच्या प्रती काढते. नमुना तापवला, की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तापमान उतरवलं, की प्रत्येक धाग्यासमोर नवा धागा तयार होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. अशी तीस आवर्तनं झाली, की एका तुकड्याचे १०७ कोटींहून अधिक तुकडे होतात. मुळात जे नजरेच्या पलीकडे होतं, ते आता मोजता येतं.

या पद्धतीवर चालणारं जीनएक्स्पर्ट हे अमेरिकी यंत्र टीबीसाठी वापरावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये सुचवलं. आपल्याकडे त्याला सीबीनॅट म्हणतात. दोन तासांत उत्तर, आणि तेही रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही या माहितीसकट. क्षयाच्या निदानातली ही क्रांतीच होती. मात्र त्या यंत्राला अखंड वीज लागते आणि खोलीचं तापमान आटोक्यात ठेवावं लागतं. मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे जमवणं सोपं नाही. त्यामुळे यंत्र जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी थांबलं आणि नमुने त्याच्याकडे प्रवास करत राहिले.

ट्रूनॅट हे यंत्र इथे उपयोगी पडतं. बेंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये चंद्रशेखर नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर बरीच वर्षं काम केलं, आणि गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायो डायग्नोस्टिक्सने ते बाजारात आणलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ते पारखून घेतलं आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्यता दिली. त्याच वर्षी कोविड आला, तेव्हा हीच यंत्रं कोविडच्या तपासणीसाठीही कामाला लागली.

ट्रूनॅटचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. टेबलावर दोन लहान यंत्रं असतात, दोन्ही बॅटरीवर चालणारी. तंत्रज्ञ आधी थुंकीत एक द्रावण मिसळतो. चिकट बेडका पातळ होतो आणि जंतू फुटून त्यांचा डीएनए मोकळा होतो. हे मिश्रण एका बंद कार्ट्रिजमध्ये घालून पहिल्या यंत्रात ठेवलं, की सुमारे वीस मिनिटांत स्वच्छ डीएनए हाती येतो. त्यातले फक्त सहा मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाहूनही कमी द्रव, पिपेटने उचलून सुकवलेल्या रसायनांच्या इवल्या नळीत मिसळायचा आणि चिपवरच्या खळग्यात सोडायचा. चिप दुसऱ्या यंत्रात सरकवली, की पीसीआर सुरू होतं. द्रव इतका थोडा असल्यामुळे तो झटकन तापतो आणि झटकन निवतो. मोठ्या यंत्राला लागणारी वीज आणि वेळ, दोन्ही वाचतात. तासाभरात पडद्यावर उत्तर येतं. रसायनं सुकवलेली असल्याने त्यांच्यासाठी बर्फाच्या पेट्या सांभाळाव्या लागत नाहीत. खेडेगावात ही सोय डीएनएइतकीच मोलाची आहे.

टीबी निघाला, तर उरलेल्या डीएनएवरच दुसरी चिप चालवून रिफॅम्पिसिनचा प्रश्न सोडवता येतो. रुग्णाला पुन्हा थुंकी द्यायला बोलवावं लागत नाही. जंतूच्या आरपीओबी नावाच्या जनुकात ८१ अक्षरांचा एक छोटा पट्टा आहे. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्के जंतूंमध्ये बदल नेमका याच पट्ट्यात झालेला असतो. अख्खा जंतू वाढवून त्यावर औषध टाकून पाहण्याऐवजी तेवढा पट्टा वाचला, की पुरे.

ही माहिती पहिल्याच दिवशी मिळण्याचं मोल मुंबईइतकं कुणाला कळणार? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदवले, आणि २०१२ च्या सुरुवातीला देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात टीबीच्या प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद करणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं. चुकीचं औषध महिनोन् महिने चालू राहिलं, की जंतू तरबेज होत जातो आणि तोच तरबेज जंतू शेजाऱ्याकडे जातो. औषधाला न जुमानणारा टीबी वाढण्याचं हे मोठं कारण आहे.

खांद्यावरचा एक्स-रे

ट्रूनॅट गावात आलं, तरी एक प्रश्न उरतोच. थुंकी तपासायची कुणाची? खोकणाऱ्यांची, असं उत्तर आपण आजवर देत आलो. पण त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती, तर ते हातचे निसटले असते. म्हणजे फुप्फुसात डाग आहे, जंतू बाहेर पडताहेत, आणि माणूस म्हणतोय, 'मला काय धाड भरलीय?'

निरोगी दिसणाऱ्यांचे एक्स-रे काढायची कल्पना नवी नाही. ब्राझीलच्या मानुएल द अब्रू यांनी १९३६ साली एक्स-रेच्या पडद्याचं लहान फिल्मवर छायाचित्र घेण्याची स्वस्त पद्धत काढली, आणि पुढे अनेक देशांत गाड्या भरून लोकांच्या छात्या तपासल्या गेल्या. आता बदललंय ते यंत्राचं वजन आणि एक्स-रे वाचणारी नजर. हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं आली आहेत. त्यांतल्या एका जपानी यंत्राचं वजन जेमतेम साडेतीन किलो आहे. भारतातही अशी यंत्रं बनू लागली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पडवीत एक स्टँड, एक पातळ पाटीसारखा डिटेक्टर आणि एक लॅपटॉप एवढ्यावर शिबिर उभं राहतं. किरणांची भीती अनेकांना वाटते. छातीच्या एका एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सार साधारण दहा दिवसांत निसर्गातून मिळतो तेवढाच असतो. तरीही यंत्र चालवणाऱ्याने आणि आसपासच्यांनी नियम काटेकोर पाळलेच पाहिजेत. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं मुख्यालय मुंबईतच आहे.

शिबिरात एक्स-रे काढणं सोपं झालं, पण वाचणार कोण? रेडिओलॉजिस्ट शहरांत एकवटलेले आहेत. इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला येते. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीचं सॉफ्टवेअर आणि नेदरलँड्समधलं कॅडफॉरटीबी ही या क्षेत्रातली दोन माहितीतली नावं. तज्ज्ञांनी वाचलेले असंख्य एक्स-रे दाखवून अशा प्रणालीला शिकवलेलं असतं. नवा एक्स-रे मिळाला, की ती मिनिटभरात संशयास्पद जागेवर रंग भरून दाखवते आणि टीबीची शक्यता किती, याचा आकडा देते. पंधरा वर्षांवरच्या व्यक्तींच्या चाचपणीसाठी अशा सॉफ्टवेअरचा वापर करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली.

हे सॉफ्टवेअर निदान करत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायला हवं. ते चाळणीचं काम करतं; त्याने बाजूला काढलेल्यांची थुंकी मग ट्रूनॅटच्या चिपवर तपासायची. किती आकड्याच्या वरच्यांना संशयित धरायचं, हे माणसांनी ठरवायचं असतं. ती रेषा खाली आणली, तर रुग्ण निसटत नाहीत, पण चिपचा खर्च वाढतो. वर नेली, तर खर्च वाचतो आणि रुग्ण निसटतात.

दोन्ही यंत्रं मिळून काय साधतात, ते एका हिशेबाने पाहू. समजा, एका गावात हजार प्रौढ माणसं आहेत. सर्वेक्षणातल्या लाखामागे ३१६ या प्रमाणाने त्यांत साधारण तिघांना फुप्फुसाचा टीबी असेल. आता सगळ्यांचीच थुंकी तपासली आणि ती तपासणी निरोगी शंभरांमागे फक्त दोघांना चुकून रुग्ण ठरवणारी निघाली, तरी खऱ्या तिघांबरोबर वीस निरोगी माणसांच्या माथी टीबी मारला जाईल. शिवाय हजार चिप खर्ची पडतील. त्याऐवजी आधी सर्वांचे एक्स-रे काढले आणि सॉफ्टवेअरने साठ जण बाजूला काढले, तर चिप लागतील साठ आणि चुकून रुग्ण ठरेल फार तर एखादा. स्वस्त आणि सैल तपासणी सर्वांची, महाग आणि नेमकी तपासणी मोजक्यांची. गावपातळीवरच्या चाचपणीचं सारं शहाणपण या क्रमात आहे. देशातल्या ३४७ जिल्ह्यांत ७ डिसेंबर २०२४ पासून राबवलेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातातली एक्स-रे यंत्रं याच विचाराने गावोगाव फिरवली गेली.

यंत्र कुठे अडतं

बरा झालेला जुना टीबी फुप्फुसावर व्रण ठेवून जातो. दगडखाणीत आणि क्रशरवर राबणाऱ्यांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ साचते. दोन्ही ठिकाणी सॉफ्टवेअर फसू शकतं. ज्या समाजाच्या एक्स-रेंवर ते शिकलं, त्याहून वेगळ्या समाजात त्याचा अंदाज चुकूही शकतो. म्हणून प्रत्येक राज्याने आपल्या लोकांवर ते पारखून मगच रेषा आखायला हवी. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी आपल्याकडे उपकरणांची जोखमीनुसार चार वर्गांत विभागणी केली आणि २०२० पासून निदानासाठीचं सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत आलं. कायद्याची चौकट तयार आहे. तिच्यात राहून सतत पारखत राहण्याची शिस्त लागायला हवी.

दुसरी अडचण थुंकीचीच आहे. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, ती तो गिळतात. मग उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्रव काढावा लागतो, आणि ते सोसणाऱ्या लेकराचे आणि आईचे हाल पाहवत नाहीत. आता मुलांच्या शौचाच्या नमुन्यातूनही जंतूचा डीएनए शोधता येतो. जिभेवरून काडी फिरवून घेतलेला नमुना पुरेल का, यावर संशोधन चालू आहे. ते पूर्णपणे यशस्वी झालं, तर ज्यांना थुंकी येत नाही अशा सर्वांचीच तपासणी सोपी होईल.

जंतू शरीरात आहे पण आजार जडलेला नाही, अशा रुग्णाच्या घरच्या माणसांसाठी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी साय-टीबी ही त्वचेची चाचणी आहे. जुन्या मॉन्टू चाचणीत बीसीजीची लस घेतलेला माणूसही कधीकधी संशयित ठरे. नव्या चाचणीत वापरलेली दोन प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नसतातच, त्यामुळे तो घोळ टळतो. आणि ज्यांचा टीबी औषधांना दाद देत नाही, त्यांच्या जंतूची जनुकं थेट वाचून एकाच वेळी अनेक औषधांबद्दल उत्तर देणाऱ्या तपासणीचीही शिफारस झाली आहे. ही तपासणी अजून मोठ्या प्रयोगशाळांतच आहे. ट्रूनॅटने केलेला प्रवास तिलाही करावा लागेल.

तिसरी अडचण सर्वांत साधी आणि सर्वांत जिवावरची. चिप संपली की यंत्र कपाटात जातं. बिघडलेलं यंत्र दुरुस्तीला गेलं की नमुने पुन्हा तालुक्याची वाट धरतात. प्रशिक्षित तंत्रज्ञाची बदली झाली की नवा माणूस शिकेपर्यंत काम थंडावतं. उपकरण विकत घेताना उद्घाटन होतं. चिपचा पुरवठा, देखभाल आणि माणूस यांची तरतूद मात्र दरवर्षी करावी लागते, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

मोजायचं काय

टीबीच्या इतिहासातला एक भारतीय प्रयोग इथे आठवायला हवा. १९५०च्या दशकात रुग्णाला सॅनिटोरियममध्ये ठेवून चांगली हवा, सकस अन्न आणि विश्रांती देणं हाच उपचार मानला जाई. मद्रासमधल्या संशोधकांनी काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या गरीब, गर्दीच्या घरांतच तीच औषधं दिली. १९५९ साली आलेला निष्कर्ष स्पष्ट होता: घरचा उपचार सॅनिटोरियमच्या तोडीस तोड ठरला. जगभरची क्षय रुग्णालयं ओस पडू लागण्यामागे या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. उपचार तेव्हा घरी गेला. निदान मात्र अजूनही तालुक्यात बसून आहे, आणि ते हलवण्याची वेळ आता आली आहे.

निदानानंतरचं काम माणसांचंच आहे. सहा महिने गोळ्या चालू ठेवायच्या, मळमळलं तरी सोडायच्या नाहीत, यासाठी आशाताईंचा पाठपुरावा लागतो. अन्नही लागतं. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत झालेला आणि २०२३ साली 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की रुग्णाच्या कुटुंबीयांना सहा महिने धान्य-डाळीचा शिधा आणि जीवनसत्त्वं दिली, तर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटतं. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. हे पैसे वेळेवर खात्यात जमा होणं हाही उपचाराचाच भाग आहे.

म्हणून जिल्ह्यात किती यंत्रं आली, हा आकडा मला अपुरा वाटतो. प्रत्येक जिल्ह्याने दुसरा आकडा जाहीर करावा: खोकला सुरू झाल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत रुग्णाचे किती दिवस गेले? पाड्यावरच्या रुग्णाचे किती आणि जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णाचे किती? नवं यंत्र घेतल्यावर हे दिवस घटले, तर त्यावरचा रुपया न् रुपया सार्थकी लागला. घटले नाहीत, तर चूक कुठे आहे, ते शोधून काढावं: चिपच्या पुरवठ्यात, रस्त्यात, नेमणुकीत की आपल्या प्राधान्यक्रमात. आरोग्य तंत्रज्ञान किती पुढे गेलं, याचा आपल्यासाठी खरा हिशेब हाच आहे, आणि तो मागण्याचा हक्क प्रत्येक ग्रामसभेला आहे.